कोटा, सही आणि समुपदेशन: दंत विद्यार्थ्यांच्या ताणाचे मूळ कुठे?

खारघरची आई
माझी मुलगी नवी मुंबईतील एका दंत महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. ठरलेल्या संख्येइतक्या दाढा काढून आणि कवळ्या बसवून कोटा भरल्याखेरीज जर्नलवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सही मिळत नाही, आणि रुग्ण मात्र बऱ्याचदा मुलांनीच शोधायचे. तुर्भ्याच्या एका आजोबांना ती स्वतः रिक्षाचे भाडे देऊन आणत होती. मेणातली कवळी तोंडात बसवून पाहायची त्याच दिवशी ते न सांगता गावी गेले. त्या रात्री ती जेवली नाही. समुपदेशन कक्ष आहे, पण तिथे बसणाऱ्या मॅडमच तिच्या जर्नलवर सही करतात. त्यांच्यापुढे मन कोण मोकळे करील?

नौपाड्याचा दंतवैद्य
काळजी समजते, तरी कोट्याला दोष देणे मला पटत नाही. सरावाशिवाय हात बसत नाही, आणि हात न बसलेल्या डॉक्टरपुढे आपणही तोंड उघडणार नाही. रुग्णाने दांडी मारणे मला आजही चुकलेले नाही. नकार पचवायला घरातूनच शिकवायला हवे.

नेरूळचा इंटर्न
डॉक्टर, प्रश्न सरावाचा नाहीच; रुग्ण गोळा करणे हे कौशल्य कोणत्या विषयात येते? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, पाहणीत उत्तरे देणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक विकार असल्याचे सांगितले. या सगळ्यांना घरातूनच शिकवले गेले नाही काय?

नौपाड्याचा दंतवैद्य
ती पाहणी ऑनलाइन होती; ज्याला त्रास आहे तोच अशी प्रश्नावली आवर्जून भरतो. शिवाय ती दंत विद्यार्थ्यांची नव्हे. मात्र रुग्ण ओपीडीतूनच वाटून द्यावेत आणि समुपदेशक बाहेरचा असावा, एवढे मला मान्य आहे.

नेरूळचा इंटर्न
बाहेरचा असला, तरी कक्षासमोरच्या बाकावर कोण बसले आहे हे सगळा वर्ग पाहतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. त्या बाकाचे काय करायचे?

खारघरची आई
घराविषयी डॉक्टर बोलले ते मला लागले, पण पूर्णपणे खोटेही वाटले नाही. मुलीने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला होता, तोही सेंट्रल पार्कमध्ये जाऊन, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. हे तिने मला दोन दिवसांनी, भांडी पुसता पुसता सांगितले.