बेटांवरची वीज आणि मुख्य भूमीची तार: जोडावी की नको?

टिळकवाडीकर, बेळगाव

लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती इथे चार दिवस राहून आलेले आमचे शेजारी परवा भेटले. समुद्राच्या पाण्याचे वर्णन पाच मिनिटांत संपले आणि त्यानंतर अर्धा तास ते तिथल्या डिझेल जनित्रांविषयीच बोलत राहिले, कारण त्यांची सारी नोकरी वीज उपकेंद्रात गेली आहे. केरळमधून जहाजाने डिझेल न्यायचे, ते बेटावर जाळायचे आणि त्यावर पंखे, फ्रीज व पाण्याचे पंप चालवायचे, असा हा व्यवहार आहे. सौर पॅनेल बसली आहेत, पण मुख्य भार डिझेलवरच आहे. एका लिटर डिझेलपासून साधारण साडेतीन युनिट वीज मिळते. लिटरला ९० रुपये धरले, तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटमागे २५ रुपयांच्या पुढे जातो, आणि यात जहाजाचे भाडे, यंत्रांची देखभाल व पगार धरलेलेच नाहीत. ग्राहकाकडून अर्थातच एवढा दर घेतला जात नाही. उरलेला बोजा सरकारी तिजोरी उचलते, म्हणजे आपण सारे उचलतो.

माझे म्हणणे असे, की लक्षद्वीप आणि अंदमान हे दोन्ही बेटसमूह समुद्राखालून केबल टाकून राष्ट्रीय ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडले पाहिजेत. आपल्या भागाला हे लवकर पटायला हवे, कारण विजेच्या हिशेबाने आपणही बेटावरच राहत होतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू होईपर्यंत दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी एका लयीत नव्हते. चंद्रपूरकडच्या भद्रावतीसारख्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) दुव्यांमधून मोजकीच वीज इकडे येत असे. निपाणीतला दिवा आणि कागलमधला दिवा एकाच महामार्गावरचे, पण दोघांच्या विजेचे ठोके वेगळे. दक्षिणेतल्या तुटवड्याच्या त्या काळात वीज बाजारातले इकडचे दर इतर भागांपेक्षा चढे राहत, कारण वीज देशात असूनही ती इकडे आणायला पुरेशी वाट नव्हती.

स्वीडनने गॉटलंड हे बेट सुमारे शंभर किलोमीटरच्या समुद्री डीसी केबलने मुख्य भूमीला जोडले, ते १९५४ मध्ये. आपल्याकडे चेन्नई–अंदमान ऑप्टिकल फायबर केबल २०२० मध्ये आणि कोची–लक्षद्वीप केबल २०२४ मध्ये सुरू झाली. जी वाट इंटरनेटला सापडली, ती विजेला का सापडू नये? विरोधी मते अवश्य मांडावीत. मात्र आकडे घेऊन मांडावीत, ही विनंती.

घाटमाथा, खानापूर

सर, आकडे मागितले आहेत, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो.

खोल समुद्रातली फायबर केबल बोटभर जाडीची असते. विजेची समुद्री केबल मनगटाहून कितीतरी जाड, आत तांबे किंवा ॲल्युमिनियम, वर इन्सुलेशन आणि पोलादी तारांचे चिलखत. तिचे वजन मीटरमागे कित्येक किलो भरते. ती जहाजावरून सोडताना तळापर्यंत लोंबणारा सारा भाग वरच्या टोकालाच तोलावा लागतो. खोल विहिरीत ओला सोल, म्हणजे जाड दोर, सोडून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. इटलीने सार्डिनिया बेटाला जोडणारी केबल सुमारे १६०० मीटर खोलीवरून नेली, तेव्हा तो मोठा पराक्रम मानला गेला. बंगालच्या उपसागराची सरासरी खोलीच सुमारे २६०० मीटर आहे, आणि चेन्नईपासून अंदमानचे अंतर हजार किलोमीटरच्या पुढे आहे. ब्रिटन आणि नॉर्वे यांना जोडणारी २०२१ ची केबल ७२० किलोमीटरची. पण ती १४०० मेगावॅट वाहून नेते, म्हणून तिचा खर्च निघतो.

आता लक्षद्वीपची मागणी पाहा. माणसे वसलेली बेटे दहा आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३. आपल्या भागातल्या मध्यम साखर कारखान्याचा सहवीज (उसाच्या चिपाडावर वीज करणारा) प्रकल्प वीस-तीस मेगावॅटचा असतो. या दहाही बेटांची मिळून मागणी त्यात सहज मावेल. एवढ्या विजेसाठी शेकडो किलोमीटर केबल टाकायची, आणि अंतर मोठे म्हणून डीसी, म्हणजे दोन्ही टोकांना नेहमीच्या एसी विजेचे डीसीत आणि डीसीचे एसीत रूपांतर करणारी कन्व्हर्टर स्थानके उभारायची. तालचेर–कोलार वाहिनीला अशी स्थानके परवडतात, कारण ती अडीच हजार मेगावॅटची आहे.

सौर विजेला एका मेगावॅटमागे चार-पाच एकर जागा लागते. डिझेल बरेचसे थांबवायचे, तर चाळीसेक मेगावॅटची पॅनेल आणि सोबत बॅटऱ्या, म्हणजे सुमारे दोनशे एकर. लक्षद्वीपचे एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे आठ हजार एकर. जमीन अडीच टक्के जाईल. नारळीच्या बागा असलेल्या बेटावर तेही सोपे नाही, हे मान्य. पण छपरे, शाळा, धक्के यांवरून सुरुवात करता येते.

टिळकवाडीकर, बेळगाव

फायबरची तुलना मी मागे घेतो. वजनाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण घाटमाथा साहेब, जूनपासून सप्टेंबरपर्यंत लक्षद्वीपवर जो पाऊस आणि ढग असतात, तेव्हा आपली दोनशे एकर पॅनेल काय करणार? बॅटरी रात्र काढते, पावसाळा काढत नाही. खानापुरात राहून पावसाळ्याचा विसर पडावा, याचे नवल वाटते.

सहवीज, रायबाग

मी साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये आहे, त्यामुळे या विषयाकडे पाहण्याची माझी खिडकी वेगळी आहे. आम्ही ‘आयलंडिंग’ हा शब्द रोज वापरतो. गळीत हंगामात रात्री दोन वाजता आमची वीज ग्रिडकडे जात असते. बाहेर कुठे वाहिनीत बिघाड झाला, की ब्रेकर उघडतो आणि टर्बाईनवरचा निम्म्याहून अधिक भार एका क्षणात उतरतो. वेग उसळतो. गव्हर्नरने, म्हणजे टर्बाईनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेने, वाफ वेळीच आवरली, तर कारखाना स्वतःच्या विजेवर चालू राहतो आणि त्या क्षणापुरता तो खरोखरीच बेट होतो. नाही आवरली, तर मिल, गव्हाण, पंप सारे जागच्या जागी थांबते, अर्धवट शिजलेली साखर पॅनमध्ये अडकते आणि पुढचे सहा तास कोणी कोणाशी नीट बोलत नाही.

बेट झाल्यावर कळते, की मोठ्या ग्रिडने आपले किती लाड केलेले असतात. ग्रिडला जोडलेले असताना आमची शंभर अश्वशक्तीची मोटर चालू झाली, तर पन्नास हर्ट्झचा काटा जागचा हलत नाही, कारण देशभरची हजारो फिरती चाके तो धक्का वाटून घेतात. एकटे असलो, की तीच मोटर चालू होताना दिवे मंद होतात. लहान बेटावर हे बारा महिने असते. म्हणून तिथे एक जनित्र नेहमी अर्ध्या भारावर फिरत ठेवावे लागते, आणि अर्ध्या भारावरचे डिझेल यंत्र युनिटमागे तेल जास्त पिते. टिळकवाडीकर सरांनी धरलेले साडेतीन युनिट हा चांगल्या दिवसाचा आकडा आहे.

तरीही केबल एकच असेल आणि ती तुटली, तर काय, याचे उत्तर आधी तयार हवे. माल्टाने २०१५ मध्ये सिसिलीपासून २०० मेगावॅटची केबल घेतली. २३ डिसेंबर २०१९ रोजी एका जहाजाच्या नांगराने ती दुखावली आणि बेट अंधारात गेले. वीज काही तासांत परत आली, कारण बेटावरची वीज केंद्रे मोडीत काढलेली नव्हती. केबल दुरुस्त व्हायला मात्र मार्च उजाडला. टास्मानियाचे प्रकरण याहून वाईट होते. तिथली केबल डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडली, ती जून २०१६ मध्ये चालू झाली. त्याच काळात पाऊस कमी पडला, धरणे बारा-तेरा टक्क्यांपर्यंत उतरली आणि जलविद्युतीसाठी नावाजलेल्या बेटाला भाड्याने डिझेल जनित्रे आणावी लागली.

निपाणीची लेक, सध्या उरण

सर्व दादांचे आकडे वाचले. मला एक लहान बेट पुढे ठेवायचे आहे, कारण ते माझ्या सासरच्या तालुक्यात आहे. घारापुरी, जिथे लेणी पाहायला सारे जग येते, तिथल्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्यांना ग्रिडची वीज मिळाली, ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनित्र चाले, आणि नंतर समोर मुंबईचा झगमगाट पाहत झोपायचे. केबल किती लांबीची लागली? साडेसात किलोमीटर, २२ केव्ही, खर्च सुमारे २५ कोटी. तिथे २६०० मीटर खोली नव्हती, कन्व्हर्टर स्थानके नव्हती, आणि तरीही स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे गेली.

म्हणून घाटमाथा दादा, अंतर आणि खोली ही खरी कारणे असतीलही, पण तेवढीच कारणे असतात, असे मला वाटत नाही. बेटावरच्या लोकांची संख्या थोडी असते आणि थोड्या लोकांना ‘तुम्हाला सौर दिवा पुरे’ असे सांगणे सोपे जाते. दिव्याला सौर वीज पुरते. पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना, दवाखान्यातला फ्रीज यांना चोवीस तासांची वीज लागते. मासे धरणाऱ्या बेटावर बर्फ नसेल, तर व्यापारी ठरवेल तो भाव घ्यावा लागतो.

घाटमाथा, खानापूर

ताई, घारापुरीच्या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. साडेसात किलोमीटरसाठी सत्तर वर्षे लागणे याला तांत्रिक कारण असूच शकत नाही. माझा विरोध ‘सर्व बेटे, सर्व ठिकाणी’ या घोषणेला आहे.

ग्रिडला जोडले, की सुरक्षित झाले, ही समजूतही तपासून पाहावी. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडचे ग्रिड कोसळले आणि दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. त्या दोन्ही दिवशी बेळगावात दिवे होते, कारण आपण तेव्हा त्या लयीत नव्हतो. सर ज्याला तुटलेपण म्हणतात, त्यानेच आपल्याला वाचवले.

सहवीज, रायबाग

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. त्या दोन्ही दिवशी महाराष्ट्र आणि गुजरातही वाचले होते, आणि ते तर उत्तरेशी एका लयीत जोडलेले होते. बिना–ग्वाल्हेर वाहिनी अतिभाराने सुटली, तिच्यामागून इतर दुवे सुटत गेले आणि पश्चिमेचे ग्रिड वेगळे होऊन टिकले. जोडलेले असावे आणि वेळ आली की सुटता यावे, ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेला जमू शकतात. आमचा कारखाना लहान प्रमाणावर तेच करतो, कधी जमते, कधी नाही.

हुक्केरीकर

पैशांचा हिशेब कोणीच पुरा केलेला नाही, म्हणून लिहितो. समजा, लक्षद्वीपला सरासरी सात मेगावॅट वीज लागते. वर्षाला सहा कोटी युनिट झाले. २५ रुपयांनी दीडशे कोटींचे इंधन. कोचीहून फायबर नेण्यासच हजार कोटींहून अधिक खर्च आला. विजेच्या केबलचा खर्च त्याच्या अनेक पट होईल, आणि बेटे दहा असल्याने पुढच्या जोडण्या निराळ्या. केबलमधून येणारी वीजही फुकट नसते. हा व्यवहार कोणतीही बँक मान्य करणार नाही. उलट ग्रीसने क्रीट हे बेट आधी २०२१ मध्ये एसी केबलने आणि नंतर १००० मेगावॅटच्या डीसी केबलने जोडले, कारण तिथे सहा लाखांहून अधिक लोक आहेत आणि बेटांवर जळणाऱ्या तेलाचा अधिभार सगळ्या ग्रीसच्या वीजबिलात येत होता. मोठे बेट, जवळचा किनारा आणि बिलात दिसणारा खर्च, हे तिन्ही एकत्र आले म्हणून ते झाले.

आमच्या तालुक्यात विजेचे वितरण अनेक दशकांपासून सहकारी संस्थेकडे आहे. वीज राज्याच्या ग्रिडमधूनच येते, पण खांबावर चढणारा माणूस संस्थेचा असतो आणि त्याला गावातले लोक नावाने ओळखतात. तक्रारी आमच्याकडेही आहेत, त्या इथे नकोत. पण बेटावर सौर आणि बॅटरी बसवून ठेकेदार निघून गेला, तर पाचव्या वर्षी बॅटरी कोण बदलणार, याचे उत्तर असे जवळचे असावे लागते.

टिळकवाडीकर, बेळगाव

हुक्केरीकर, आपला हिशेब मी दोनदा पडताळून पाहिला आणि लक्षद्वीपपुरता मी हरलो, हे मान्य करतो. अंदमानच्या बाबतीत मात्र माझे म्हणणे थोडे बदलून पुन्हा मांडतो. चेन्नईहून केबल नको. पण दक्षिण, मध्य आणि उत्तर अंदमान यांच्यामध्ये अरुंद खाड्याच आहेत. उत्तरेत दिगलीपूरजवळ कल्पोंगचा सव्वापाच मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, दक्षिणेत सौर प्रकल्प आणि मोठी मागणी आहे. ही बेटे आधी एकमेकांना जोडली, तर सहवीज यांनी सांगितलेला धक्का वाटून घेण्याचा लाभ तिथल्या तिथे मिळेल आणि अर्ध्या भारावर फिरणारी जनित्रेही कमी होतील.

घाटमाथा, खानापूर

हा प्रस्ताव मला पटण्याच्या जवळ आहे. अडचण वाटेची. जमिनीवरून जायचे तर अंदमान ट्रंक रोडची दिशा धरावी लागेल, आणि तो जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. त्या भागातला रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. तिथे आता मनोरे उभारायला मी तरी हो म्हणणार नाही. आपल्या घाटातल्या जंगलातून गोव्याकडे जाणाऱ्या वाहिनीवरून किती वाद झाला, ते आपण पाहिले आहे.

टिळकवाडीकर, बेळगाव

मग पूर्व किनाऱ्याने, समुद्रातून, तुकड्यातुकड्यांनी न्यावी. किनाऱ्यालगत खोली कमी आहे आणि एकेक टप्पा एसी केबलला झेपेल एवढाच राहील. म्हणजे केबल हवी, फक्त ती चेन्नईहून नको. एवढ्यावर आपले दोघांचे जमते का?

घाटमाथा, खानापूर

जमते. पण केबल आली म्हणून जुनी जनित्रे भंगारात काढायची नाहीत, ही अट आधी लिहून घ्या.