माचू पिच्चू: सत्तरीतल्या मंडळींना हा टूरचा कार्यक्रम झेपेल का?

भटकंती:
पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या बारा जणांचा ग्रुप आहे. तिघांचे गुडघे कुरकुरतात, बीपीच्या गोळ्या बहुतेकांना आहेत. टूरवाल्यांचा कार्यक्रम असा: सकाळी पेरूची राजधानी लिमाहून विमानाने कुस्को, दुपारी शहर आणि जवळचे साक्सायवामानचे इंका अवशेष, दोन रात्री तिथेच. मग एका दिवसात माचू पिच्चू करून परत कुस्को. यात काय बदलून मागावं?

कडेकपारी:
क्रमच उलटा आहे. माचू पिच्चू साधारण २,४३० मीटरवर, कुस्को ३,४०० वर आणि साक्सायवामान त्याहून वर, ३,७०० च्या आसपास. समुद्रकाठच्या लिमाहून निघालेल्यांना पहिल्याच दुपारी सगळ्यात उंच, विरळ हवेच्या जागी नेतायत! विमानतळावरून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा, दोन रात्री तिथे काढा, ओयांतायतांबोहून रेल्वे पकडा आणि कुस्को शेवटी ठेवा. एक मेख आहे. खोऱ्यात उतरताना ‘वाटेवरच आहे’ म्हणून चिंचेरो गावात गाडी थांबवतात. ते कुस्कोपेक्षाही उंच, ३,७०० मीटरच्या वर. पहिल्या दिवशी तिथे थांबायचं नाही, हे लेखी घ्या.
एका दिवसात जाऊन येणंही टाळा. पायथ्याच्या आग्वास कालिएंतेसला रात्री मुक्काम केला की सकाळी ताज्या पायांनी बसने वर जाता येतं.

पायवाट:
तिकीट कुठल्या सर्किटचं, म्हणजे अवशेषांतून फिरायच्या कुठल्या ठरलेल्या वाटेचं काढलंय ते आजच विचारा. २०२४ पासून तीन सर्किट आहेत; तिकिटावर नाव, पासपोर्ट नंबर, वेळ आणि मार्ग छापलेला असतो, दारात बदलून मिळत नाही. सर्किट २ मध्ये फोटोतलं नेहमीचं दृश्य आणि मुख्य अवशेष दोन्ही येतात, पण पायऱ्या भरपूर. दगडी, कमीजास्त उंचीच्या, बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. गुडघेवाल्यांना सर्किट ३ बरं, वरून दिसणारं दृश्य तेवढं हुकतं. त्यातही ‘३-बी’च हवं, ‘३-ए’ म्हणजे शेजारच्या वायना पिच्चू शिखराची खडी चढण.
मार्ग एकेरी आहेत, मागे फिरता येत नाही. म्हणून दोन वेगांचे दोन गट आणि दोन गाईड मागा. एकाच गाईडमागे बारा जण गेले की मागचे फक्त त्याची टोपी बघतात.
काठीच्या टोकाला रबरी टोपण असेल तरच आत नेता येते. टोपण झिजतं, जास्तीचं एक जवळ ठेवा.

भटकंती:
डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, सगळ्यांनीच घ्यायची का?

औषधपेटी:
सरसकट नाही. नेहमीचा डोस १२५ मिग्रॅ. दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डायमॉक्सनेही लघवी वाढते, आणि अवशेषांच्या आत स्वच्छतागृह नाही. ते दाराबाहेर आहे, एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत. तेव्हा त्या दिवशी सकाळच्या गोळीची वेळ बदलता येईल का, तेही विचारून घ्या.
कोकाच्या पानांचा चहा हवा तर प्या, पण गोळीला तो पर्याय नाही. पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेची गोळी बंद. डोकं दुखलं, मळमळलं तर आणखी उंच जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरवा आणि दवाखाना गाठा.