आठवीत जाणाऱ्या मुलीची आयओक्यूएमची तयारी: मे महिन्यात नेमकं काय करून घ्यावं?

आठवीची_आई:
मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल. एसएससी बोर्ड, सेमी-इंग्रजी. सप्टेंबरमध्ये आयओक्यूएम (गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा) द्यायचं तिनंच ठरवलंय. पाचवीला शिष्यवृत्तीचे पेपर भरपूर सोडवलेत, हात भरभर चालतो. पण आयओक्यूएमच्या जुन्या पेपरातल्या पहिल्या पाचांपैकी एकच आला. सहा आठवडे हाताशी आहेत. रोज किती वेळ, आधी काय घ्यायचं, क्लास लावावा का?

त्रैराशिक:
शिष्यवृत्तीच्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद, आणि खाली चार पर्याय. आयओक्यूएमला ३ तासांत ३० प्रश्न, म्हणजे सहा मिनिटं, आणि पर्याय नाहीतच. उत्तर ०० ते ९९ मधली एक संख्या. दहा प्रश्न २ गुणांचे, दहा ३ चे, दहा ५ चे. शिष्यवृत्तीत तयार झालेल्या मुलांना मिनिटभरात सुचलं नाही की पुढे सरकायची सवय असते. सुट्टीत मोडायची ती एवढीच.

रोज एक तास, दोन किंवा तीन गणितं, बास. वीस मिनिटं उत्तराकडे बघायचं नाही. त्यानंतर उकलीवर कोरा कागद ठेवून फक्त पहिली ओळ उघडायची, पुन्हा पाच मिनिटं झटायचं, मग दुसरी ओळ.

सुरुवात नंबर थिअरीने करा, कारण विभाज्यता, मसावि-लसावि, मूळ अवयव आणि बाकी एवढी सातवीची शिदोरी तिला पुरते. उदा. ७ च्या २०२६ व्या घाताचे शेवटचे दोन अंक कोणते? ०७, ४९, ४३, ०१, पुन्हा ०७. चाराचं चक्र, २०२६ ला ४ ने भागून बाकी २, म्हणून ४९. हे चक्र तिला स्वतः लिहून सापडू द्या. आधीच सांगितलंत तर प्रत्येक संख्येला चारच लावेल. ३ घेतला तर चक्र वीसचं निघतं. आणि २ ची गंमत आणखी वेगळी: ०२ नंतर ०४, ०८ असं जात एकविसाव्या घाताला ५२ येतं, मग ०४. ०२ पुन्हा येतच नाही! हे एकदा हाताने केलेलं मूल सूत्र डोळे झाकून वापरत नाही.

मोजपट्टी:
सहमत, पण नंबर थिअरीसोबत मोजणी पहिल्या आठवड्यापासूनच चालू ठेवा, एक दिवसाआड. त्यात सूत्र कमी आणि चूक जास्त. १ ते २०० मध्ये ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या, पण १५ ने न जाणाऱ्या संख्या किती? ६६ अधिक ४०, आणि १५ च्या पटी १३. बहुतेक मुलं १३ एकदाच वजा करून ९३ लिहितात. त्या १३ संख्या दोन्ही यादीत आहेत आणि आपल्याला त्या अजिबात नको आहेत, म्हणून दोनदा वजा: ८०. दोन्ही उत्तरं दोन अंकीच, त्यामुळे चूक कळतही नाही. सवय लावा: आधी १ ते ३० साठी प्रत्यक्ष यादी करायची (१२ येतात), मग मोठ्या संख्येकडे.

मराठीत शिकलेल्या मुलांचं आणखी एक. ‘पॉझिटिव्ह इंटिजर’मध्ये शून्य नाही, ‘नॉन-निगेटिव्ह’मध्ये आहे. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे सगळे वेगवेगळे. असे पंधरा-वीस शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. इथे वाया जाणारे गुण फुकटचे असतात.

कर्कटक:
भूमिती मे महिन्यात फार ओढू नका. समरूपता आणि वर्तुळाचे गुणधर्म हातात नसताना ती गणितं म्हणजे डोंगराला धडका. कोन आणि क्षेत्रफळ एवढंच घ्या. आकृती अर्ध्या पानाची, पट्टी-कंपासने. आणि दिलेलं नसताना समद्विभुज त्रिकोण काढायचा नाही. हातून नकळत तसाच निघतो आणि मग मूल खोटी समानता ‘बघतं’.

क्लासवाल्यांना एकच विचारा: तासाला किती गणितं होतात? उत्तर दहा-बारा आलं तर फळ्यावरून उतरवून घेणं चालतं, एवढंच समजा.

पूर्ण पेपर सुट्टीत दोनच, चौथ्या आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी, सलग तीन तास बसवून. २०१८ आणि २०१९ चे प्री-आरएमओचे (आयओक्यूएमच्या आधी असायची ती परीक्षा) पेपर याच धर्तीचे आहेत, होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतील. नोंदणी परीक्षा केंद्रामार्फत होते. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात विचारा, शाळा स्वतः केंद्र नसेल तर जवळचं शोधावं लागतं.

आठवीची_आई:
धन्यवाद! चुकलेली गणितं परत कधी द्यायची?

त्रैराशिक:
आठवड्याने एकदा, तीन आठवड्यांनी पुन्हा. वहीत उकल उतरवू नका. गणित आणि खाली ‘कुठे अडलं’ ही एक ओळ. आणि पूर्ण पेपर ओएमआरच्या (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या) प्रिंटवर सोडवून घ्या. उत्तर ५ आलं तर ०५ रंगवायचं, दोन्ही गोल.