मदत हवी आहे : ॲल्युमिनिअम क्लोराइड आयनिक की सहसंयुज?

लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे केमिस्ट्रीचं इंग्रजी पुस्तक आम्ही दोघी मिळून वाचतो. धातू-अधातू असेल तर आयनिक बंध (एक अणू इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो, दोघेही प्रभारित आयन होतात), दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज (इलेक्ट्रॉनांची भागीदारी), एवढं मला शाळेपासून पाठ होतं. तेच तिला सांगितलं.

काल तिने वहीत क्लोराइडं ओळीने मांडून दाखवली. सोडिअमचं ८०१ अंशाला वितळतं, मॅग्नेशिअमचं ७१४ ला. ॲल्युमिनिअमचं मात्र साधारण १८० अंशाला, न वितळता थेट वाफच! अहो, ॲल्युमिनिअम धातूच ना?

मग विद्युतऋणतेतला, म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीतला, फरक काढला. ३.१६ वजा १.६१, म्हणजे १.५५. फरक १.७ च्या वर गेला तरच आयनिक, म्हणून हे सहसंयुज. बरं वाटतंय तोवर तिने हायड्रोजन फ्लोराइड काढलं. तिथे फरक १.७८, तरी ते १९.५ अंशाला उकळतं. शिवाय ॲल्युमिनिअम क्लोराइडच्या पाण्यातल्या द्रावणातून वीज वाहते, म्हणजे आयन आहेतच की. नेमकी कुठली कसोटी धरायची? शनिवारी चाचणी आहे, पण मार्कांचं राहू दे, तिच्या डोक्यात चुकीचं बसायला नको.

प्रतिसाद १
ताई, लेकीने अगदी नेमकी जागा पकडलीय. ॲल्युमिनिअमच्या आयनावर तीन धनप्रभार, आणि आकार सोडिअम आयनाच्या जेमतेम निम्मा. एवढा प्रभार एवढ्याशा जागेत असला की तो क्लोराइडचा इलेक्ट्रॉनांचा ढग स्वतःकडे ओढतो. ढग दोघांच्या मध्ये आला की झाली भागीदारी. फायान्स या रसायनशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हेच मांडलं. फ्लोराइड आयन लहान, त्याचा ढग सहज ओढला जात नाही. म्हणून त्याच धातूचं फ्लोराइड हजार अंशांच्या वरही घन राहतं. तिला ही जोडी शेजारी शेजारी लिहायला सांगा.

प्रतिसाद २
पाण्याबद्दल : निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड पाण्यात नुसतं विरघळत नाही, जोरात अभिक्रिया करतं. भांडं तापतं, हायड्रोजन क्लोराइडचा धूर येतो. आयन तिथे तयार होतात. हायड्रोजन क्लोराइडही सहसंयुजच, तरी त्याच्या द्रावणातून वीज वाहते. म्हणून वितळलेल्या पदार्थातून वाहते का, ते बघायचं. १.७ हा ढोबळ अंदाज आहे. हायड्रोजनचा आयन म्हणजे उघडा प्रोटॉन, तो फ्लोरिनच्या ढगात शिरूनच बसतो. तिथे तो आकडा चालत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तिला वाचून दाखवलं, फ्लोराइड-क्लोराइडची जोडी लगेच वहीत उतरवली. आता विचारतेय, मग सीझिअम फ्लोराइडमध्ये तरी इलेक्ट्रॉन पूर्ण दिला जातो का, की तिथेही थोडी भागीदारी उरतेच?