सल्ला हवा: किंडलवरच्या पुस्तकाचं पान संदर्भात कसं द्यायचं?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितेय. एम.ए.ची प्रबंधिका चालू आहे, विषय ख्रिस्तपुराणाची मराठी, म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या बायबलवरच्या ओवीबद्ध काव्याची भाषा. काल मार्गदर्शकांनी दुसरं प्रकरण परत दिलं. मी तीन ठिकाणी 'लोकेशन १८७४' अशा धर्तीचे संदर्भ दिलेत, तिन्हींभोवती लाल वर्तुळ. पण ते पुस्तक मी किंडलवर घेतलंय, तिथे पानच दिसत नाही! बाकीची दोन पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवरची स्कॅन आहेत. आमच्याकडे संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती चालते. हातात पंधरा दिवस आहेत. कुणी नीट सांगेल का?

पाटोवरचा_वाचक
बाय, घाबरू नकोस, सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. लोकेशनचा आकडा एपीएला चालत नाही. तो फक्त किंडललाच कळतो. छापील पुस्तक हातात असलेल्या परीक्षकाला त्यावरून ओळ सापडणार कशी? आधी पुस्तकाच्या सेटिंगमध्ये बघ, काही किंडल पुस्तकांत छापील आवृत्तीचे खरे पृष्ठक्रमांक असतात. ते नसतील तर प्रकरणाचं नाव आणि परिच्छेद मोजून क्रमांक दे: 'प्रकरण ३, परिच्छेद ५'. मोजायला कंटाळा येतो, पण वाचणाऱ्याला जागा मिळते.

संदर्भसूचीत मात्र 'किंडल आवृत्ती' लिहायची गरज नाही. सातव्या आवृत्तीने ती अट काढली. मजकूर छापील पुस्तकासारखाच असेल तर नोंद छापील पुस्तकासारखीच: लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक. डीओआय (ऑनलाइन मजकुराचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर शेवटी द्यायचा. प्रकाशनाचं गावही आता लागत नाही. जुन्या प्रबंधांत 'पुणे :' किंवा 'मुंबई :' दिसतं, ते पाहून नक्कल करू नकोस.

मांडवी_पलीकडे
स्कॅनबद्दल एक सांगते, माझं स्वतःचं एक प्रकरण यात अडकलं होतं. पीडीएफ वाचताना वर ३७ दिसतं, पण पानावर छापलेला आकडा २१ असतो, कारण मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना सगळं त्या ३७ मध्ये मोजलेलं असतं. संदर्भात छापलेला आकडाच द्यायचा. मी सत्तर संदर्भ पुन्हा तपासले, आठवडा गेला. तू आत्ताच तपास.

अवस्वर_ओवी
ताईंनी योग्य सांगितलं. पण मूळ ग्रंथासाठी पानाच्या मागे लागूच नका. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण अध्याय आणि ओवीने देतो, तसंच इथे: पहिलं की दुसरं पुराण (ग्रंथाचे दोन भाग), अवस्वर (त्यातला अध्याय), ओवी. मग वाचणाऱ्याकडे कुठलीही आवृत्ती असो, तो जागेवर पोचतो.

आवृत्ती तरीही सांगावीच लागते, कारण या ग्रंथाची गोष्ट साधी नाही. १६१६ साली तो गोव्यात राचोलला छापला गेला, पण त्या छपाईची प्रत आज हाती येत नाही. आपण जे वाचतो ते नंतरचं. सालदान्यांनी १९०७ मध्ये मंगळूरला काढलेली रोमन लिपीतली, किंवा बांदेलूंची १९५६ ची देवनागरी. भाषेवर लिहीत असाल तर हा फरक फार मोठा आहे. रोमनमधून देवनागरीत येताना उच्चाराबाबत संपादकाला निर्णय घ्यावे लागतात, आणि तुम्ही उद्धृत कराल ते रूप त्याच्या निर्णयातून आलेलं असतं. म्हणून मजकुरात '(स्टीफन्स, १६१६/१९०७)' असं लिहा: तिरक्या रेघेआधी मूळ वर्ष, नंतर तुम्ही वापरलेल्या आवृत्तीचं. नुसतं १६१६ लिहिलंत तर न पाहिलेली प्रत पाहिली असं होतं.

पाटोवरचा_वाचक
हे सोन्यासारखं सांगितलंत. जी प्रत उघडली तीच लिहायची. कुणाच्या लेखात वाचलेलं अवतरण असेल तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिहावं, आणि सूचीत तो लेख येतो, मूळ पुस्तक नाही.

डिचोली२२
नावांकडे लक्ष द्या. कोसंबी बापलेक दोघेही सूचीत असतील तर देवनागरीत 'ध. दा.' आणि 'दा. ध.' वेगळे दिसतात, पण रोमनमध्ये दोघेही डी. डी. होतात. मी तिथे पूर्ण नावं लिहिली. पोर्तुगीज नावांत 'द' धरून वर्णानुक्रम लावायचा नाही. 'द कुन्य रिवारा' हे पोर्तुगीज अभ्यासक ग्रंथालयांच्या सूचीत 'रिवारा'खाली सापडतात.

मांडवी_पलीकडे
झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरते आहेस का? फुकट आहे, आयएसबीएन टाकला की नोंद भरते. पण मराठी पुस्तकांत मला नाव-आडनाव उलटं झालेलं खूपदा मिळालं. प्रत्येक नोंद शीर्षकपानाशी ताडून बघ.

बोरीकाठ
देव बरें करूं सगळ्यांना. काल पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. किंडलवर घेतलेल्या पुस्तकाची छापील प्रत मिळाली, तीच आवृत्ती. तिन्ही अवतरणांची पानं लागली: ४३, ४४ आणि ११८. सूचीत आता छापील पुस्तकच येईल. ताडून पाहताना दुसऱ्या अवतरणात माझ्याकडून 'न' गळाल्याचं दिसलं. वाक्याचा अर्थच उलटा झाला होता, आणि त्यावर मी पुढचे दोन परिच्छेद लिहिले होते. ते आज रात्री नव्याने लिहितेय.