वागळे इस्टेट हरित उद्योगांना राखून ठेवावी का?

किसननगरकर:
ठाण्यातली वागळे इस्टेट एमआयडीसीची पहिली वसाहत, साठच्या दशकातली. आता जुन्या कारखान्यांच्या जागी आयटीचे टॉवर दिसतात. उरलेली जागा सोलर इन्व्हर्टर, बॅटरी पॅक, मोटर रिवाइंडिंग असल्या कामांना राखून ठेवा असं माझं ठाम मत आहे. शहर नियोजनातले जाणकार सांगतात की लॅब, कॉलेज आणि कारखाना जवळजवळ असला की नवा माल पटकन उभा राहतो. लॉस एंजेलिसने २०११ मधे क्लीनटेक इन्क्युबेटर (स्वच्छ तंत्रज्ञानाच्या नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र) काढला तो याच विचाराने.

लेथवाला:
साफ विरोध. मी भाड्याच्या गाळ्यात लेथ आणि मिलिंग चालवतो, चार पोरं कामाला. स्टार्टअपवाल्याला दोन पीस हवे असतात, ते मीच संध्याकाळपर्यंत काढून देतो, आणि उद्या हरित म्हणून भाडं दुप्पट झालं की पहिला बाहेर मी, मग त्यांचे ब्रॅकेट कोण करणार?

परळची लेक:
लेथवाले दादा बरोबर बोलतायत. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९६ ला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची समिती नेमली, सगळ्या जमिनी एकत्र धरून मोकळ्या जागा, घरं, रोजगार यांचा विचार करा हा त्यांचा आग्रह. १९९१ च्या नियमात तर एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला असं लिहिलेलंच होतं. २००१ मधे ते फक्त रिकाम्या जमिनीपुरतं केलं आणि २००६ ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. आमच्या चाळीसमोर काय उभं राहिलं ते बघताय ना. सल्ला चांगलाच होता हो, पण जमीन मालकांच्या हातात होती.

किसननगरकर:
ताई, फरक तिथेच आहे! गिरण्या खासगी, एमआयडीसीचे प्लॉट लीजवर. ब्रुकलिन नेव्ही यार्डची, म्हणजे नौदलाच्या जुन्या गोदीची, जवळपास ३०० एकर जमीन न्यूयॉर्क शहराने विकली नाही, भाड्याने देते, म्हणून तिथे अजून सुतार आणि फॅब्रिकेशनवाले टिकून आहेत.

लेथवाला:
लीज प्लॉटवाल्याच्या नावावर, मी त्याचा भाडेकरू. कागदावर मी नाहीच. आधी चालू गाळ्यांची यादी करा, भाड्याला मर्यादा घाला. आणि जिथे वर्षानुवर्षं प्लेटिंगची (धातूला मुलामा द्यायची) टाकी होती तिथली माती तपासा, क्रोमियम असेल तर साफ करायचा खर्च कुणाचा हे आधी लिहून द्या. एवढं केलंत तर मीही तुमच्या बाजूने सही करतो.