माणसं बाहेर आली होती, मग पुन्हा आत कशाला?

माझगावकर:
परवा १४ एप्रिल, म्हणजे अग्निशमन सेवा दिन झाला. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारकापुढे मानवंदना झाली. आता आठवडाभर बिल्ले टोचले जातील, शाळांतून प्रात्यक्षिकं होतील. सगळं योग्यच आहे. पण मला दरवर्षी एक गोष्ट खटकते. शिव्या खायची तयारी ठेवून मांडतो.

१९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, त्यात मुंबई दलाचे ६६ जण गेले. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, त्यात चार अधिकारी गेले. राणे आणि देसाई तिथेच, अमीन आणि खुद्द दलाचे प्रमुख नेसरीकर पुढच्या काही दिवसांत इस्पितळात. एवढ्या मोठ्या शहराच्या दलाचा प्रमुखच गेला! आणि रहिवाशांना तर तोवर बाहेर काढलेलं होतं. मग हे चार जीव गेले कशापायी? जुन्या लाकडी जिन्यांपायी?

माझं म्हणणं एवढंच, की माणसं बाहेर आली की दलाने बाहेरून पाणी मारावं आणि इमारत जळत असेल तर जळू द्यावी. ‘शहीद’ हा शब्द आपण फार पटकन काढतो. तो एकदा उच्चारला की हुकूम कोणी दिला, का दिला, हे विचारणाराच वाईट ठरतो.

जुना ब्रँचवाला:
मुंबईतला नाही, दुसऱ्या एका महापालिकेत एकतीस वर्षं काढली. (ब्रँच म्हणजे होजच्या, पाण्याच्या जाड नळीच्या, टोकाचं पितळी तोंड. बँकेची शाखा नव्हे.)

माझगावकर, ‘माणसं बाहेर आली’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. सांगणारा इमारतीचा वॉचमन असतो, नाहीतर नाक्यावरचा पानवाला. तो खोटं बोलत नाही. त्याच्या ओळखीची माणसं बाहेर आलेलीच असतात. पण रात्रपाळी करून पोटमाळ्यावर झोपलेला कारागीर कुणाच्याच यादीत नसतो.

एकदा पहाटे कपड्याच्या गोदामाची वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली. मालक स्वतः समोर उभा, म्हणाला आत चिटपाखरू नाही. दुसऱ्या मजल्यावर गठ्ठ्यांच्या मागे दोन पोरं सापडली, ओलं पोतं डोक्यावर घेऊन बसलेली. जिवंत. मालकाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून सांगायचं नव्हतं, ते पोलिसांनी बघितलं असेल. आम्ही होज गुंडाळले आणि पुढच्या वर्दीला गेलो.

आणि ‘जळू द्यावी’ म्हणता, ती काळबादेवीत? भिंतीला भिंत लागलेली. दागिन्यांचे कारखाने, त्यात गॅसच्या टाक्या, ॲसिडचे कॅन. तिथे एक इमारत जळू दिलीत तर अख्खी गल्ली हातची जाईल.

पार्ल्याचे नाना:
कटू वाटेल, पण नोकरीच ती आहे. धोका माहीत असूनच भरती होतात, त्याचा पगार घेतात. सैनिकाला कोणी विचारतं का, पुढे कशाला गेलास म्हणून?

तुळई:
स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, जुन्या इमारतींचीच कामं करतो. माझगावकरांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे.

या इमारतींत लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चुन्याचा जाड कोबा असतो. कोबा पाणी पितो. तुम्ही वरून तासन् तास पाणी मारता, तसा मजला जड होत जातो आणि त्याच वेळी खालून तुळई जळून बारीक होत जाते. लोखंड चटकन मान टाकतं, तशी सागाची जाड तुळई टाकत नाही. तिचा बाहेरून कोळसा होतो, आतला गाभा बराच वेळ तग धरतो. माणूस फसतो तो इथेच. डोळ्यांना ती उभी दिसते. भिंतीत रोवलेलं तिचं टोक मात्र वर्षानुवर्षांच्या गळतीने आधीच कुजलेलं असतं, आणि ते प्लास्टरच्या आत असल्यामुळे कोणालाच दिसत नाही. मी दिवसाढवळ्या, आग नसताना, हातात हातोडी घेऊन अशी टोकं तपासतो तेव्हाही खात्रीने सांगता येत नाही. धुरात, रात्री, तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने काय ओळखावं?

इमारत कोसळू शकते असं दिसलं की उंचीच्या दीडपट अंतर मोकळं ठेवतात. पंधरा मीटरची इमारत असेल तर बावीस-तेवीस मीटर.

जुना ब्रँचवाला:
साहेब, काळबादेवीत बावीस मीटर म्हणजे समोरच्या इमारतीच्या पलीकडे. तिथून पाणी मारायचं तर मी ब्रँच कोणाच्या स्वयंपाकघरातून धरू?

तुळई:
समोरच्या गच्चीवरून धरा. ती इमारत रिकामी करा.

जुना ब्रँचवाला:
गच्चीच्या दाराला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी लग्नाला गेलेला. हसू नका, माझ्या हातून अशी तीन कुलपं तुटली आहेत.

आम्ही सेक्रेटरी:
दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. २००६ चा राज्याचा आगप्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन जानेवारीत आणि जुलैत फॉर्म ‘बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. आमच्या सोसायटीत तो नेमाने जातो. गेल्या पावसाळ्यात मी सहज म्हणून पाचव्या मजल्यावरचा हायड्रंटचा (आग विझवायच्या नळाचा) व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. फुस्स झालं आणि एक झुरळ बाहेर पडलं. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला ठेवलेल्या मोकळ्या जागेत, पोरांच्या सायकली आणि एकांचा जुना सोफा. सोफा हलवा म्हटलं तर तीन महिने बोलत नव्हते. आत जावं की न जावं हा वाद दलाच्या वाट्याला येतो तोच मुळी आमच्यासारख्यांमुळे. एवढं बोलून खाली बसतो.

गिरगावची लेक:
नाना, पगाराचं वाचलं.

माझे बाबा फायरमन होते. ड्युटीवरून आले की आई काही विचारायची नाही. मोरीत डबा घासायला घेताना आधी उघडून बघायची. रिकामा असला तर दिवस निवांत गेलेला. भाजी-पोळी तशीच असली की ती पाणी तापत ठेवायची, कारण धुराचा वास एका आंघोळीत जात नाही. कानांच्या मागे काजळी राहायची. मी ती ओल्या फडक्याने पुसलेली आहे.

तुम्हाला वाटेल मी ब्रँचवाल्या काकांची बाजू घेणार. नाही. मी माझगावकरांची घेते. आमच्या घरात कधी कोणी ‘पुढे जाऊ नका’ म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी बाबांनी ऐकलं नसतं. पण ते ज्याच्या शब्दावर आत जायचे, त्याने विचार करून तो शब्द दिला होता का, हे विचारायचा हक्क आईला होता. मानवंदनेने तो हक्क संपत नाही. सैनिकाचं म्हणाल, तर लढाई झाल्यावर लष्करात चौकशी होते, नाना.

बंदरवाला:
माझगावकरांनी फोर्ट स्टिकीन आणि गोकुळ निवास एका दाव्याला बांधले, ते मला पटलं नाही. गोदीची हकीकत थोडक्यात सांगतो.

जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं. त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, शिवाय लाकूड, वंगणाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधला (माल ठेवायच्या तळघरातला) धूर लक्षात आला. दलाने पाणी मारायला सुरुवात केली. ९०० टनांवर पाणी आत गेलं, पण आगीचं मूळ सापडेना. उलट पाण्यावर जळता कापूस तरंगत वर चढला, आणि वर स्फोटकं होती. जहाज जागीच बुडवावं, तर गोदीत पाणी पुरेसं खोल नाही. ओढून बाहेर न्यावं, तर तसा ठाम हुकूम कोणी देईना. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे लोक, दलाचे अधिकारी, सगळे धक्क्यावर हजर. चारला दहा कमी असताना जहाज सोडून द्यायचा हुकूम निघाला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

इथे ‘जळू द्या’ म्हणायची सोयच नव्हती. दल मागे सरलं असतं तरी ते फुटणारच होतं, आणि भोवती कामगारांनी भरलेली गोदी, मागे शहर. विझवण्याचा प्रयत्न हाच एक मार्ग उरला होता.

एक जुनी गोष्ट इथे लागू पडते. मुंबईत १८५५ पासून घोड्यांचे बंब पोलिसांच्या हाताखाली होते, आगी विझवणं हे त्यांचं जादा काम. १ एप्रिल १८८७ पासून स्वतंत्र दल उभं राहिलं, आणि १८८८ च्या कायद्याने आगीची जबाबदारी पालिकेची ठरली. गोदी मात्र पोर्ट ट्रस्टची, जहाज युद्धखात्याच्या कामावरचं. पाणी मारणारे पालिकेचे आणि ज्यावर मारायचं त्यावर पालिकेची सत्ता शून्य.

माझगावकर:
बंदरवाले, गोदीपुरतं मान्य. मी दोन्ही एका दमात लिहायला नको होतं. तरी तुमच्याच हकिकतीत शेवटी काय निघालं? हुकूम द्यायला कोणी नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे.

ब्रँचवाले काका, गोदामातल्या दोन पोरांनी मला गप्प केलं, हेही कबूल. पण मग नियम काय? संशय आला की आत, एवढाच? संशय तर नेहमीच असतो.

पार्ल्याचे नाना:
पगाराचं वाक्य मागे घेतो. बाकी मत तेच.

जुना ब्रँचवाला:
नियम आहे. सांगतो.

पाठीवर श्वसनाचा संच बांधून आत जायचं असलं की प्रत्येकाच्या संचाला एक चपटी पट्टी असते, टॅली म्हणतात. तिच्यावर नाव आणि सिलिंडरमधला दाब लिहायचा. दाराशी बोर्ड घेऊन एक माणूस उभा असतो, आत जाताना टॅली त्याच्या हातात द्यायची. तो आत गेल्याची वेळ टाकतो आणि हवा किती वाजेपर्यंत पुरेल याचा हिशोब मांडतो. हवा संपत आली की संचाची शिट्टी वाजते, पण त्याच्या आधीच तुम्हाला बाहेर बोलावणं हे त्या बोर्डवाल्याचं काम. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. होजला हात लावायचा नाही, गर्दी हटवायची नाही. आत किती जण आहेत, कोण आहेत आणि अजून किती मिनिटं आहेत, एवढंच.

आमच्याकडे गाडीवर बोर्ड होता. धूळ पुसून दर आठवड्याला तपासणीला मांडायचा. प्रत्यक्ष वर्दीवर गाडीमागे माणसं कमी असायची. जिन्यावर होज चढवायला दोघं कमी पडली की अधिकारी पहिल्यांदा बोर्डवाल्याला हाक मारायचा, कारण लोकांच्या नजरेला तो एकटाच रिकामा उभा दिसायचा. गर्दीतून आवाज यायचा, ‘तो बघा, नुसता लिहितोय.’

मी स्वतः तो बोर्ड दोनदा जमिनीवर ठेवून जिना चढलोय. एकदा आत आमची चार माणसं होती. आग विझली, चौघं बाहेर आली. मी खाली येऊन पाहिलं तर बोर्डावरून कोणीतरी होज ओढत नेला होता आणि टॅल्या गटारात पडल्या होत्या. वेचून, धुऊन परत लावल्या. कुणाला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

गिरगावची लेक:
काका, त्या वेळी गाडीवर किती जण होता?

जुना ब्रँचवाला:
ड्रायव्हर धरून पाच. कागदावर सात.